एकशे अठरा सेकंद

‘खडूची धूळ’ या सदरात मी एरवी शाळेबद्दल लिहिते. साताऱ्याला सहा वर्षं मराठी शिकवलं, आता इथे ओहायोत रविवारी आपल्या मंडळाच्या शाळेत बाराखडी घेते, त्यामुळे विषय कधी कमी पडला नाही. यंदा मात्र रक्ताबद्दल लिहिणार आहे. संपादकांना फोनवर सांगितलं तर ते क्षणभर गप्प झाले आणि म्हणाले, “दिवाळीच्या अंकात?” मी म्हटलं, वर्षभर दुसरं काही डोक्यातच नव्हतं, करंज्यांवर काय लिहू?

सुरुवात झाली एका चौकोनापासून. आमचा धाकटा सात वर्षांचा. टॉन्सिल्स एवढे वाढलेले की रात्री घोरण्याचा आवाज शेजारच्या खोलीत यायचा, मधेच श्वास अडकायचा. डॉक्टरांनी काढायचं ठरवलं. शस्त्रक्रियेआधी भरायचा फॉर्म आला. त्यात एक प्रश्न होता : घरात कुणाला जास्त रक्तस्राव होण्याचा त्रास आहे किंवा होता का? मी पेन घेऊन थांबले. माझ्या आईचा धाकटा भाऊ लहानपणी गेला. गुहागरजवळच्या आजोळी पडवीतून पडला, जीभ चावली गेली आणि त्यात गेला, एवढंच मला माहीत. घरात त्याचं नाव कुणी घेत नाही. मी तो चौकोन भरला.

नवरा म्हणाला, “कशाला लिहिलंस? पन्नास-साठ वर्षांपूर्वीची गोष्ट.” पण मास्तरीण आहे मी. प्रश्न विचारला की उत्तर लिहायचं.

त्या चौकोनामुळे रक्ताची तपासणी झाली, नाहीतर झालीच नसती. दोन तपासण्या होत्या. पीटी आली १२ सेकंद, नॉर्मल. दुसरी एपीटीटी. आमच्या प्रयोगशाळेत तिची मर्यादा २५ ते ३६ सेकंद. मुलाची आली ११८. संध्याकाळी फोन आला, शस्त्रक्रिया पुढे ढकलली आहे, रक्ततज्ज्ञांना दाखवा, आणि तोवर फुटबॉल बंद.

आता मी एम.ए. मराठी. रात्रभर फोनच्या उजेडात वाचत बसले आणि दोनच शब्द डोळ्यांसमोर राहिले : हिमोफिलिया आणि आई. हा आजार बहुतेक मुलग्यांना होतो आणि गुणसूत्र येतं आईकडून. पुण्याहून सासूबाईंचा व्हिडिओ कॉल आला. त्या वाईट बोलत नाहीत कधी, पण विचारलंच, “अगं, तुमच्याकडे कुणाला होतं का गं असं?” मी म्हणाले, “एक मामा.” त्यांनी नुसतं “हं” केलं. ते “हं” मी तीन आठवडे ऐकत होते.

रक्ततज्ज्ञ बाई साठीच्या, शांत. त्यांनी कागद बाजूला ठेवला आणि मुलालाच विचारलं, “तुझे दात पडले का?” त्यानं तोंड उघडून चार खिंडारं दाखवली. “रक्त किती वेळ आलं?” मी सांगितलं, कापसाचा बोळा लावला, दोन-तीन मिनिटांत थांबलं. चालायला शिकताना गुडघ्यांना मोठ्या निळ्या गाठी आल्या का? नाही. लसीच्या जागी सूज? नाही. सायकलवरून पडला तेव्हा हनुवटीला तीन टाके पडले होते, तेही नीट भरले. त्या म्हणाल्या, “एवढा आकडा हिमोफिलियामुळे असता तर हे मूल सात वर्षांत इथे दहा वेळा आलं असतं. गोष्ट आणि आकडा जुळत नाहीत. जुळत नसले की मी गोष्टीवर जास्त विश्वास ठेवते.” ब्रिटनच्या रक्ततज्ज्ञांनी २००८ साली मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यातही हेच आहे म्हणे : शस्त्रक्रियेआधी सरसकट सगळ्यांच्या गोठण्याच्या तपासण्या करू नका, आधी रक्तस्रावाची हकिगत नीट विचारा.

मग त्यांनी मला तपासणी समजावली. एवढ्या छान शिकवणाऱ्या बाई मी फार थोड्या पाहिल्या, म्हणून तुम्हालाही सांगते.

रक्त निळ्या झाकणाच्या नळीत घेतात. तिच्यात आधीच सायट्रेट असतं, नऊ भाग रक्ताला एक भाग. सायट्रेट रक्तातलं कॅल्शियम धरून ठेवतं, आणि कॅल्शियमशिवाय रक्त गोठत नाही. प्रयोगशाळेत वरचा पिवळसर द्रव, म्हणजे प्लाझ्मा, वेगळा करतात. त्यात चरबीसारखा एक पदार्थ आणि चिनी मातीसारखी बारीक पूड घालून काही मिनिटं थांबतात, मग कॅल्शियम परत देतात आणि घड्याळ सुरू. जाळं धरलं की घड्याळ बंद. आपण दूध कोमट करून विरजण लावतो आणि दही लागायला किती वेळ लागतो ते बघतो, तसंच काहीसं. फक्त इथे हिशोब सेकंदांचा.

पण दही लागलं नाही तर दूध वाईट, विरजण वाईट, की भांडंच थंड? आकडा एवढंच सांगतो की उशीर झाला. का झाला ते सांगत नाही. या तपासणीचा सगळा इतिहास म्हणजे तो ‘का’ शोधण्याचा इतिहास आहे. शंभर वर्षांपूर्वी काचेच्या नळीत रक्त घेऊन ती दर अर्ध्या मिनिटाने तिरकी करून बघत. १९३५ मध्ये मिलवॉकीच्या आर्मंड क्विक यांनी पीटी तपासणी काढली. १९५३ मध्ये नॉर्थ कॅरोलायनाच्या चॅपल हिलला आजच्या एपीटीटीची आई जन्मली. तिची खोड अशी, की नळीच्या काचेने रक्त कमीअधिक जागं व्हायचं आणि आकडे पुढेमागे व्हायचे. १९६१ मध्ये प्रॉक्टर आणि रॅपापोर्ट यांनी त्यात केओलिन, म्हणजे खरोखरची चिनी माती, मुद्दाम घालायला सुरुवात केली. सगळ्यांना सारखंच जागं करा, मग वेळ मोजा. वर्गात घंटा वाजवून पेपर सुरू करतो तसं.

बाईंनी पहिली शंका स्वतःच्याच माणसांवर घेतली, हे मला फार आवडलं. नळी पूर्ण भरली नसेल तर रक्ताच्या मानानं सायट्रेट जास्त होतं आणि आकडा खोटाच लांबतो. सलाइनच्या नळीतून रक्त घेतलं आणि तिच्यात हेपॅरिनचे चार थेंब उरलेले असले तरी लांबतो. म्हणून पुन्हा रक्त काढलं, सरळ शिरेतून, रेघेपर्यंत भरून. आला ११६. म्हणजे आकडा खरा होता.

पुढची पायरी मिश्रणाची. मुलाचा प्लाझ्मा आणि निरोगी माणसांचा प्लाझ्मा निम्मेनिम्मे मिसळून परत वेळ मोजतात. गणपतीत आपल्या ढोल-ताशा पथकात ताशेवाला आलाच नाही आणि दुसऱ्या पथकाचा उसना आणला, की ठेका लागतो. पण आपल्या पथकात मधे उभं राहून सगळ्यांचे हात धरणारा एखादा असेल, तर दुसरं पथक आणूनही उपयोग नाही, तो त्यांचेही हात धरणार. मिसळल्यावर वेळ नॉर्मल झाली तर काहीतरी कमी आहे. नाही झाली तर काहीतरी अडवतंय. आणि काही अडवणारे आळशी असतात, लगेच दिसत नाहीत. आठव्या घटकाविरुद्ध शरीरात तयार होणारी प्रतिद्रव्यं त्यातली. म्हणून ते मिश्रण ३७ अंशांवर दोन तास ठेवून पुन्हा बघतात.

बाईंचा पहिला अंदाज अडवणाऱ्याचाच होता. सर्दी-घसा झालेल्या लहान मुलांच्या रक्तात काही दिवस एक प्रतिद्रव्य सापडतं, त्याला ल्युपस अँटिकोॲग्युलंट म्हणतात. नावात ल्युपस असलं तरी तो आजार असतोच असं नाही, आणि नावात रक्त पातळ करणं असलं तरी मोठ्यांमध्ये ते उलट गुठळ्या करतं. असं नाव ठेवणाऱ्याला मी शुद्धलेखनाच्या वहीत दहा वेळा लिहायला लावलं असतं. त्याचा शोध घ्यायला जी तपासणी करतात तिच्यात पातळ केलेलं घोणशीचं विष वापरतात. हो, आपली घोणस! तिच्या विषातलं एक द्रव्य रक्तातल्या दहाव्या घटकाला थेट जागं करतं, आधीच्या पायऱ्या ओलांडून. ही पद्धत १९८६ मध्ये बसवली गेली. कोकणातल्या माझ्या आजीला ऐकवायला हवं होतं, की जिच्या भीतीनं तू आम्हाला संध्याकाळी गवतात पाय ठेवू दिला नाहीस, तिच्या विषाचा थेंब अमेरिकेत पणतवंडाच्या रक्तात मिसळून बघतात.

घोणशीची तपासणी नॉर्मल आली. मिश्रणाची आली ३३ सेकंद, दोन तासांनंतरही तेवढीच. म्हणजे ताशेवाला नव्हता. कोणता, एवढंच शोधायचं. पीटी नॉर्मल आणि एपीटीटी लांब म्हटल्यावर मुख्य संशयित चार : आठवा घटक, नववा, अकरावा आणि बारावा. आठवा कमी म्हणजे हिमोफिलिया ए, नववा कमी म्हणजे बी. प्रत्येकासाठी ज्यात तेवढा एकच घटक नाही असा प्लाझ्मा घेतात, मुलाचा प्लाझ्मा पातळ करून त्यात घालतात आणि तो ती उणीव किती भरून काढतो ते बघतात. पूर्वी असा प्लाझ्मा मिळायचा तो त्या त्या आजाराच्या रुग्णांकडूनच. कुणाचं तरी दुखणं दुसऱ्याच्या निदानाचं माप व्हायचं.

निकालाला सहा दिवस लागले. त्या सहा दिवसांबद्दल फार लिहीत नाही. मुलगा सोफ्यावरून उडी मारायचा आणि मी स्वयंपाकघरातून ओरडायचे. तिसऱ्या दिवशी तो म्हणाला, “आई, मी काचेचा आहे का?”

काचेचा! हा शब्द त्यानं कुठून काढला कोण जाणे, पण उत्तर अक्षरशः त्याच्याच आसपास होतं.

आठवा ९६ टक्के. नववा ८८. अकरावा ९१. बारावा एक टक्क्याहूनही कमी. बाईंनी खुर्ची पुढे ओढली आणि हसल्या. म्हणाल्या, “हा कमी असलेला सगळ्यात चांगला.” आणि मग त्यांनी एका रेल्वे कामगाराची गोष्ट सांगितली.

आमच्या घरापासून तासाभरावर क्लीव्हलंड. तिथे १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला जॉन हेगमन नावाचे रेल्वेतले ब्रेकमन शस्त्रक्रियेसाठी आले. नेहमीच्या तपासणीत त्यांचं रक्त काचेच्या नळीत गोठता गोठेना. पण माणूस ठणठणीत, आयुष्यात कधी वाजवीपेक्षा जास्त रक्त गेलेलं नाही. डॉ. ऑस्कर रॅटनॉफ यांनी त्यांचा अभ्यास करून १९५५ मध्ये जोन कोलोपी यांच्यासह लेख लिहिला. त्या रक्तात जे नव्हतं त्याला हेगमन घटक नाव पडलं, तोच हा बारावा. काचेला किंवा चिनी मातीला स्पर्श झाला की हा घटक जागा होतो आणि पुढच्यांना उठवतो. नळीतल्या रक्ताला तो लागतो. जखमेतल्या रक्ताला दुसरी वाट असते, तिथे तो नसला तरी अडत नाही. देवमाशांच्या रक्तातही हा घटक नसतो, आणि ते समुद्रात मजेत पोहतात. मुलाला गोष्टीतलं एवढंच लक्षात राहिलं. शाळेत जाऊन त्यानं जाहीर केलं की मी अर्धा देवमासा आहे.

हेगमन यांचा शेवट मात्र मला नंतर वाचून कळला. १९६८ मध्ये अपघातात त्यांचं हाड मोडलं, ते अंथरुणाला खिळले आणि फुप्फुसात रक्ताची गुठळी अडकून गेले. ज्याचं रक्त गोठत नाही म्हणून जगभर नाव झालं तो माणूस गुठळीनं गेला.

आता त्या “हं”चा हिशोब. बाराव्या घटकाची एवढी टोकाची उणीव येते तेव्हा सहसा आई आणि वडील दोघांकडूनही एकेक सदोष जनुक आलेलं असतं. मी हट्टानं आम्हा दोघांचंही रक्त तपासायला लावलं. बाई म्हणाल्या, उपचारासाठी गरज नाही. मी म्हणाले, घरासाठी आहे. माझा बारावा ४८ टक्के, नवऱ्याचा ४५. पुण्याला फोन लावून नवऱ्याला सांगायला लावलं, मी फक्त शेजारी बसले. सासूबाई म्हणाल्या, “अगोबाई, म्हणजे आपल्याकडेही?” थोडा वेळ थांबून म्हणाल्या, “त्याला मुगाचे लाडू पाठवते.” आमच्यात क्षमा अशीच मागतात. आणि मीही त्यांना तीन आठवडे धड फोन केला नव्हता, तेव्हा हिशोब सरळ नव्हताच.

टॉन्सिल्स काढले. रक्त इतर मुलांना जेवढं जातं तेवढंच गेलं. चौथ्या दिवशी त्यानं वरणभात मागितला.

त्याच्या दप्तरात आता एक कार्ड असतं. बाईंनीच करून दिलं, आणि ते रक्तस्रावासाठी नाही. उद्या त्याला कधी हेपॅरिन द्यायची वेळ आली, तर त्याचं प्रमाण एपीटीटीवरून ठरवता येणार नाही, कारण ती मुळातच लांब. दुसरी तपासणी वापरा, असं त्यावर लिहिलं आहे. मी खाली मराठीत एक ओळ वाढवली. आपल्याकडे ग्रामीण रुग्णालयात साप चावलेल्या माणसाचं रक्त काचेच्या कोरड्या नळीत घेऊन वीस मिनिटं न हलवता ठेवतात. गोठलं नाही तर घोणशीसारखं विष भिनलं असं समजतात. साधी, स्वस्त आणि जीव वाचवणारी तपासणी. पण ती काचेवर चालते. माझ्या मुलाचं रक्त त्या नळीत साप न चावताही गोठणार नाही. दर उन्हाळ्यात आम्ही गुहागरला जातो, तेव्हा ती ओळ हवीच.

जाता जाता बायकांसाठी एक गोष्ट, कारण बाईंनी मला ती बजावून सांगितली. आकडा लांब म्हणजे आजार नाही, तसा आकडा नॉर्मल म्हणजे सुटका नाही. फॉन विलेब्रांड आजारात पीटी, एपीटीटी दोन्ही नॉर्मल येऊ शकतात. तेराव्या घटकाच्या उणिवेत तर येतातच, तिथे गोठतं वेळेवर पण गुठळी टिकत नाही. एरिक फॉन विलेब्रांड यांनी १९२६ मध्ये फिनलंडच्या ओलांड बेटांवरच्या एका कुटुंबाबद्दल लिहिलं. त्यातली मुलगी तेरा वर्षांची असताना चौथ्या पाळीत रक्त जाऊन गेली. आपण मात्र “आमच्याकडे सगळ्यांनाच जास्त जातं” म्हणतो आणि लोहाच्या गोळ्या घेतो. सगळ्यांनाच जातं, हेच तर डॉक्टरांना सांगायचं असतं. भारतातल्या नातेवाइकांसाठी : मुंबईत परळला केईएम रुग्णालयाच्या आवारात राष्ट्रीय इम्युनोहिमॅटॉलॉजी संस्था आहे, रक्तस्रावाच्या आजारांच्या अशा खोलातल्या तपासण्यांचं काम तिथे चालतं.

राहिला मामा.

मुलाच्या निकालाचा आणि मामाचा काही संबंध नाही, हे बाईंनी पहिल्यांदाच स्पष्ट केलं. बारावा घटक कमी असून कुणी जीभ चावून जात नाही. मग तो कशानं गेला? त्यांनी सांगितलं, आईला विचारा. मी विचारलं. आधी आई टाळत होती. मग एका रात्री, तिच्याकडची सकाळ, ती आपणहून बोलली. तो चार वर्षांचा होता. जिभेतून रक्त थांबायचं, खपली धरायची, पुन्हा सुरू व्हायचं. असं पाच दिवस. त्याआधीही गुडघे सुजायचे, आजी हळद-तुरटी लावायची. गावात म्हणाले, पोराकडे लक्ष नव्हतं. आजी त्यानंतर कधी पडवीत बसली नाही.

हे मी इंग्रजीत सांगत असताना बाई लिहून घेत होत्या आणि त्यांचा चेहरा बदलत गेला. “ही गोष्ट मात्र जुळते,” त्या म्हणाल्या. हिमोफिलिया असेल तर आजी वाहक असू शकते, आई असू शकते, मी असू शकते, आणि माझी अकरा वर्षांची लेकही. माझा आठवा आणि नववा घटक तपासला, दोन्ही नॉर्मल आले. पण वाहक बाईचा आकडा नॉर्मलही येतो, तेव्हा त्यावरून काही सांगता येत नाही. जनुकांची तपासणी करावी लागेल. मुलगा वाचला म्हणून मुलगी सुटली असं होत नाही.

आईला फोनवर हे समजावत होते. ती बराच वेळ ऐकत राहिली आणि मग विचारलं, “म्हणजे आईनं लक्ष दिलं नाही असं नव्हतं ना गं?”

मी म्हणाले, “नव्हतं गं. लक्ष असतं तरी थांबलं नसतं.” गुडघे सुजायचे ही खूण साठ वर्षं आईच्या डोक्यात होती आणि कुणी विचारलीच नव्हती.

माझ्या जनुकांची तपासणी दिवाळीनंतर आहे. आईनंही रक्त द्यायची तयारी दाखवली आहे, सुईला आयुष्यभर घाबरणारी बाई. निकाल पुढच्या अंकात लिहीन, लेकीनं परवानगी दिली तर. ती म्हणते, भाऊ देवमासा झाला, आता मला काय करणार आहेस ते आधी सांग.